कॅनडाचे प्रांत अमेरिकेत आले तर मतं कुणाला? हिशोब मांडायची रीत, पायरीपायरीने

कॅनडा अमेरिकेचं ५१वं राज्य व्हावं असं ट्रम्प बोलू लागल्यापासून एक नकाशा सारखा फिरतोय. कॅनडाचे प्रांत लाल-निळे रंगवलेले, खाली बेरीज आणि एक छातीठोक निष्कर्ष: 'कॅनडा आला की रिपब्लिकन पक्ष पुन्हा राष्ट्राध्यक्षपद जिंकत नाही.' ऐकायला पटतं. कागदावर मांडलं की मात्र पटत नाही, कारण नकाशा करणारे बहुतेक जण त्याच चार-पाच ठिकाणी घसरतात.

कॅनडातल्या बहुतांश लोकांना हे विलीनीकरण नकोच आहे. २०२५ च्या जनमत चाचण्यांत दहातले आठ-नऊ जण नाही म्हणाले. त्यामुळे खालचा हिशोब हे भाकीत नाही. 'आलेच, तर कोण कुठे मत देईल' हा प्रश्न नीट कसा सोडवायचा, एवढंच इथं आहे. शेजारच्या देशात विलीन होणाऱ्या कुठल्याही प्रदेशासाठी हीच रीत थोड्याफार फरकाने चालते.

## तयारी: आधी काय गोळा करायचं

एक साधी एक्सेल शीट पुरते. त्यात चार गोष्टी हव्यात.

- कॅनडाची २०२१ ची जनगणना, प्रांतवार.
- अमेरिकेची २०२० ची जनगणना, राज्यवार. साधी रहिवासी लोकसंख्या नको. हाउसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, जागावाटपासाठी जाहीर होणारे वेगळे आकडे असतात, ते घ्या.
- कॅनडाच्या २०२१ आणि २०२५ या दोन्ही संघीय निवडणुकांतली प्रांतवार मतांची टक्केवारी.
- अमेरिकेच्या ज्या निवडणुकीवर प्रयोग करायचा, तिचे राज्यवार निकाल.

सावधान: कॅनडाने जून २०२३ मध्ये ४ कोटींचा टप्पा ओलांडला, म्हणून अनेक जण तोच आकडा घेतात. तो अंदाज आहे, जनगणना नव्हे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,६९,९१,९८१ आहे. एका बाजूला २०२० ची मोजणी आणि दुसऱ्या बाजूला २०२३ चा अंदाज ठेवलात, तर कॅनडाला दोन-तीन जागा फुकट मिळतात.

आणखी एक सावधान: रंग. कॅनडात लिबरल (मध्य-डावे) लाल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (उजवे) निळे. अमेरिकेत रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे. शीटमध्ये रंग भरूच नका, पक्षाचं नाव लिहा. फिरणाऱ्या नकाशांत अल्बर्टा निळा आणि ओंटारियो लाल दिसला, तर तो करणाऱ्याने कॅनडाचा निकाल जसाच्या तसा चिकटवलाय हे ओळखा.

## पायरी १: कशा रूपात येणार, ते आधी ठरवा

ही पायरी लोक सरळ ओलांडतात, आणि निकाल सर्वात जास्त हिच्यावरच फिरतो. तीन निर्णय करा आणि शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा.

एक राज्य की दहा राज्यं? प्रत्येक राज्याला सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, दोन जागा मिळतात, मग लोकसंख्या कितीही असो. आपल्याकडे राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा असते, त्यामुळे आपलं डोकं नकळत लोकसंख्येच्या प्रमाणात चालतं. तिथे दीड लाखाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडला कॅलिफोर्नियाइतकेच सिनेटर मिळतील. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात. राज्याची इलेक्टोरल मतं म्हणजे त्याच्या हाउसच्या जागा अधिक सिनेटच्या जागा. म्हणजे कॅनडा एक राज्य म्हणून आला तर सिनेटची २ मतं, दहा प्रांत वेगवेगळे आले तर २०. एवढा फरक एका ओळीच्या गृहीतकाने पडतो.

तीन प्रदेशांचं काय? युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत मिळून १,१८,१६० माणसं. अमेरिकेत राज्य नसलेल्या भूभागांना राष्ट्राध्यक्षपदाचं मत नाही. प्वेर्तो रिकोला आजही नाही. वॉशिंग्टन डीसीची ३ मतं आहेत ती १९६१ च्या २३व्या घटनादुरुस्तीमुळे. मी प्रदेश बाहेर ठेवतो. तुम्हाला राज्यं करायची असतील तर करा, पण मग तीन प्रदेशांची मिळून ९ इलेक्टोरल मतं होतात, आणि एवढ्या छोट्या लोकसंख्येला अमेरिकी संसद (काँग्रेस) ती देईल का, याचं उत्तर तयार ठेवा.

हाउस ४३५ चंच राहणार का? १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई आले तेव्हा हाउस तात्पुरतं ४३७ चं झालं आणि १९६० च्या जनगणनेनंतरच्या वाटपात पुन्हा ४३५ वर आलं. म्हणजे दोन्ही रस्त्यांना आधार आहे: तात्पुरती वाढ किंवा त्याच ४३५ ची नवी वाटणी. दोन्ही करून पाहा.

तपासा: पुढे जाण्याआधी एक वाक्य लिहा. या लेखापुरतं ते असं: 'दहा प्रांत, दहा राज्यं, प्रदेश बाहेर, हाउस ४३५.'

## पायरी २: हाउसच्या जागा वाटा

इथली नेहमीची चूक म्हणजे सरळ त्रैराशिक. प्रांताची लोकसंख्या भागिले सरासरी, आणि जवळचा पूर्णांक. अमेरिकेत १९४० च्या जनगणनेपासून हंटिंग्टन-हिल पद्धत चालते आणि तिच्यात पूर्णांक करायची रेघ अर्ध्यावर नसते.

रीत अशी. प्रत्येक राज्याला आधी एक जागा द्या. साठ राज्यांच्या साठ गेल्या. उरलेल्या ३७५ जागांसाठी प्रत्येक राज्याचा प्राधान्यांक काढा. दुसऱ्या जागेसाठी लोकसंख्येला १ × २ च्या वर्गमूळाने भागा, तिसऱ्यासाठी २ × ३ च्या, चौथ्यासाठी ३ × ४ च्या. सगळे प्राधान्यांक एका रकान्यात घ्या, मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरचे ३७५ उचला. एक्सेलला हे दोन मिनिटांचं काम आहे.

दहा प्रांत घातल्यावर वाटप असं येतं:

- ओंटारियो (१,४२,२३,९४२): १७
- क्वेबेक (८५,०१,८३३): १०
- ब्रिटिश कोलंबिया (५०,००,८७९): ६
- अल्बर्टा (४२,६२,६३५): ५
- मॅनिटोबा (१३,४२,१५३): २
- सस्कॅचवान (११,३२,५०५): १
- नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर, प्रिन्स एडवर्ड आयलंड: प्रत्येकी १

एकूण ४५. मॅनिटोबा आणि सस्कॅचवान यांच्यात फक्त दोन लाखांचं अंतर, पण एकाला दोन जागा आणि दुसऱ्याला एक. कारण शेवटची जागा जिथे तुटते तो प्राधान्यांक साडेआठ लाखांच्या जरा वर येतो. मॅनिटोबाचा दुसऱ्या जागेचा अंक साडेनऊ लाखांच्या आसपास, सस्कॅचवानचा आठ लाखांच्या.

तुटण्याची ही जागा डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. ४३५वी जागा कॅलिफोर्नियाला, ४७वी म्हणून, प्राधान्यांक सुमारे ८,५१,१६२. तिच्या लगेच खाली लुईझियानाची सहावी, सुमारे ८,५१,०६४. शंभराहून कमी फरकाने एक मत डेमोक्रॅट राज्याकडे गेलं आणि रिपब्लिकन राज्याचं हुकलं. हे नवलाचं नाही. २०२० च्या खऱ्या वाटपात न्यूयॉर्कची एक जागा ८९ माणसांनी हुकली होती.

तपासा: साठ राज्यांची बेरीज ४३५ आली का? मोन्टाना आणि ऱ्होड आयलंड दोनांवरून एकवर आले का? टेक्सास ३८ वरून ३४, कॅलिफोर्निया ५२ वरून ४७ दिसतंय का? नसेल तर बहुधा तुम्ही रहिवासी लोकसंख्या घेतलीत किंवा पहिली जागा दोनदा मोजलीत.

## पायरी ३: इलेक्टोरल मतं आणि नवं बहुमत

हाउस ४३५, सिनेट १२०, डीसी ३. एकूण ५५८, बहुमत २८०. '२७०' विसरा. दहा राज्यं आली की तो आकडा संपला, तरी निम्मे नकाशे अजून २७० लाच विजय जाहीर करतात.

कॅनडाची मतं: ओंटारियो १९, क्वेबेक १२, ब्रिटिश कोलंबिया ८, अल्बर्टा ७, मॅनिटोबा ४, बाकी पाच प्रांत प्रत्येकी ३. एकूण ६५.

दुसरी नेहमीची चूक इथेच होते: ६५ मतं जुन्या ५३८ वर चढवायची. हाउस ४३५ चंच ठेवलं असेल, तर कॅनडाच्या ४५ जागा सध्याच्या राज्यांच्या खिशातूनच जाणार. आताची राज्यं आणि डीसी यांच्याकडे मिळून ४९३ मतं उरतात.

## पायरी ४: पक्षांची मतं वळवा

सगळ्यात अवघड पायरी हीच. इथं घाई नको.

संघीय निकालच घ्या, प्रांतीय नकोत. नावं सारखी दिसतात आणि फसवतात. ब्रिटिश कोलंबियातला प्रांतीय 'लिबरल' पक्ष उजवीकडचा होता, आणि २०२३ मध्ये त्याने नावच बदललं. ओंटारियोत फेब्रुवारी २०२५ मध्ये डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांनी बहुमत मिळवलं. दोनच महिन्यांनी त्याच ओंटारियोने संघीय निवडणुकीत लिबरलना पुढे ठेवलं.

जागा नव्हे, मतं घ्या. २०२५ मध्ये अल्बर्टातल्या ३७ पैकी ३४ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांनी जिंकल्या, म्हणून अल्बर्टा नव्वद टक्के उजवा समजू नका. मतांत ते सुमारे ६४ टक्के होते आणि लिबरल सुमारे २८.

एकाच निवडणुकीवर भरवसा नको. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ३४ टक्क्यांच्या आसपास, लिबरल ३३, एनडीपी (डावा पक्ष) १८. २०२५ मध्ये लिबरल ४४, कॉन्झर्व्हेटिव्ह ४१ आणि एनडीपी ६. हा उलटफेर बऱ्याच अंशी ट्रम्प यांच्या बोलण्यामुळेच झाला, म्हणजे ज्या प्रश्नाचा आपण हिशोब करतोय त्याच प्रश्नाने आकडे हलवले आहेत. दोन्ही वर्षांनी स्वतंत्र हिशोब करा. निकाल एकाच वर्षाच्या आकड्यांवर उभा राहत असेल तर तो कच्चा समजा.

आता मुख्य गोष्ट. कॅनडाचा कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे रिपब्लिकन नव्हे. तिथे सरकारी आरोग्यविमा कुठलाही मोठा पक्ष मोडायला निघत नाही. गर्भपातावरचा फौजदारी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केला, समलिंगी विवाह देशभर २००५ पासून आहे, आणि कॉन्झर्व्हेटिव्हांनी २००६ ते २०१५ सत्तेत असताना हे दोन्ही जागच्या जागी राहू दिलं. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीआधी कॅनडात घेतलेल्या चाचण्यांत डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना ट्रम्प यांच्या दुपटीहून जास्त पसंती होती, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार दोघांत वाटलेले होते. म्हणून 'कॉन्झर्व्हेटिव्हची सगळी मतं रिपब्लिकनला' हे गृहीतक टाकूनच द्या.

त्याऐवजी उलटं विचारा: प्रांत रिपब्लिकन व्हायला कॉन्झर्व्हेटिव्ह मतांतला किती वाटा तिकडे जावा लागेल?

अल्बर्टा घेऊ. कॉन्झर्व्हेटिव्ह ६४, लिबरल २८, एनडीपी ६, इतर २. लिबरल आणि एनडीपीतले शंभरात पाच रिपब्लिकनकडे गेले असं धरा: १.७. इतरांतले निम्मे: १. झाले २.७. पन्नासला ४७.३ कमी पडतात, आणि ते ६४ मधून यायला हवेत. म्हणजे जवळपास ७४ टक्के. प्रत्येक चार कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांतल्या तिघांनी रिपब्लिकनला मत दिलं तरच अल्बर्टा त्या बाजूला जाईल, आणि तोही काठावरून.

हाच उलटा हिशोब प्रत्येक प्रांतासाठी करा. आकडा ७० ते ८० मध्ये आला तर प्रांत 'काठावर', त्याहून जास्त असेल तर 'डेमोक्रॅटकडे झुकता', शंभराच्या वर गेला तर 'पक्का डेमोक्रॅट'. अल्बर्टाच्या पंगतीत फक्त सस्कॅचवान बसतो. ओंटारियोत कॉन्झर्व्हेटिव्हच पन्नाशीच्या खाली आहेत, तेव्हा तिथे प्रश्नच मिटतो.

क्वेबेकसाठी वेगळा रकाना. २०२५ मध्ये ब्लॉक केबेक्वा या फक्त क्वेबेकसाठी लढणाऱ्या पक्षाला तिथे चौथ्या हिश्श्याहून जास्त मतं मिळाली. ही मतं डावी-उजवी नाहीत, क्वेबेकची आहेत. ती डेमोक्रॅटकडे ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण तिसरी शक्यता ठेवा: क्वेबेक स्वतःचा उमेदवार उभा करतो आणि १२ मतं दोघांनाही मिळत नाहीत. १९६८ मध्ये तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी पाच राज्यं जिंकली होती, त्यामुळे हे अशक्य नाही. कुणालाच २८० मिळाली नाहीत तर निवड हाउसकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. साठ राज्यांत ३१ लागतील. मग प्रिन्स एडवर्ड आयलंडचा एकटा प्रतिनिधी टेक्सासच्या चौतीस जणांच्या बरोबरीला येतो.

## पायरी ५: खऱ्या निवडणुकीवर लावून पाहा

हवेतल्या नकाशापेक्षा झालेली निवडणूक पुन्हा मोजणं बरं. २०२४ घ्या.

ट्रम्प यांनी ३१ राज्यं आणि ३१२ मतं जिंकली. हॅरिस यांनी १९ राज्यं, डीसी आणि २२६. नव्या वाटपात ट्रम्प यांच्या ३१ राज्यांकडे हाउसच्या २२४ जागा उरतात, अधिक सिनेटच्या ६२. एकूण २८६. मेन आणि नेब्रास्का ही राज्यं काही मतं हाउसच्या मतदारसंघांनुसार देतात. तिथलं एक इकडे आणि एक तिकडे धरलं तरी बेरीज तीच. हॅरिस यांच्याकडे १६६ अधिक ३८ अधिक ३, म्हणजे २०७.

आता कॅनडाची सगळीच्या सगळी ६५ हॅरिस यांना द्या. अल्बर्टासुद्धा. होतात २७२. बहुमत २८०. ट्रम्प २८६ वर जिंकतात.

हाउस तात्पुरतं वाढवलं तर? तेव्हा कॅनडाला सध्याच्या मापाने ५१ जागा आणि ७१ इलेक्टोरल मतं येतात. एकूण ६०९, बहुमत ३०५. ट्रम्प ३१२, हॅरिस २९७. दोन्ही रस्त्यांनी उत्तर तेच.

देशभरच्या एकूण मतांत मात्र चित्र उलटतं. ट्रम्प यांची आघाडी सुमारे २३ लाखांची होती. कॅनडात २०२५ मध्ये जवळपास दोन कोटी लोकांनी मतदान केलं. त्यातली साठ टक्के एकीकडे आणि तीस दुसरीकडे गेली तरी साठ लाखांचा फरक पडतो. म्हणजे हॅरिस यांना एकूण मतं जास्त, आणि निवडणूक ट्रम्प यांची. 'कॅनडा आला की संपलं' म्हणणारे नेमकी इथे गल्लत करतात: एकूण मतांचा फरक बघून इलेक्टोरल निकाल सांगतात.

मग कॅनडाने काहीच बदलत नाही का? बदलतं, निवडणूक अटीतटीची असेल तर. २००० मध्ये रिपब्लिकन बुश यांच्याकडे ३० राज्यांची २७१ मतं होती. त्यांचा हिस्सा त्याच प्रमाणात कापला तर ते २५० च्या आसपास येतात. २८० गाठायला कॅनडातून ३० हवीत आणि अल्बर्टा-सस्कॅचवान मिळून दहाच्या आसपासच देतात. तिथे डेमोक्रॅट गोर जिंकतात. २००४ मध्येही साधारण असंच होऊन डेमोक्रॅट केरी पुढे जातात. २०१६ मात्र भलतीच नाजूक आहे: ढोबळ प्रमाणाने ट्रम्प २८० च्या रेघेवरच येऊन थांबतात. अशा वेळी प्रमाण लावून चालत नाही. २०१० ची अमेरिकी आणि २०११ ची कॅनडाची जनगणना घेऊन पायरी २ पहिल्यापासून करावी लागते.

तपासा: ज्या निवडणुकीवर प्रयोग, तिच्या काळची जनगणना वापरली का? २००० च्या निवडणुकीत १९९० चं वाटप लागू होतं, २००० चं नव्हे.

## पायरी ६: निकाल कसा लिहायचा

एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या. माझा पट्टा असा: डेमोक्रॅटना कॅनडातून ५५ ते ६५, रिपब्लिकनना ० ते १०, क्वेबेक वेगळा गेला तर डेमोक्रॅटकडून १२ वजा. सिनेटसाठीही स्वतंत्र ओळ हवी, आणि खरं सांगायचं तर कॅनडाचं मोठं वजन तिथेच आहे. वीस नव्या सिनेटरांपैकी सोळाच्या आसपास एका बाजूला गेले तर १२० च्या सभागृहाचं पारडं बऱ्याच काळासाठी झुकतं, आणि न्यायाधीशांच्या नेमणुका सिनेटच मंजूर करते. राष्ट्राध्यक्षपदाचा नकाशा रंगवण्याच्या नादात ही ओळ हमखास राहून जाते.

हे आकडे आजच्या पक्षांवर बेतलेले आहेत, हेही लिहा. साठ राज्यांत निवडणूक लढवणारा रिपब्लिकन पक्ष आरोग्यविम्यावर आज बोलतो तेच बोलेल असं नाही. म्हणून हा हिशोब विलीनीकरणानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या निवडणुकीपुरताच वापरा.

शेवटची तांत्रिक गोष्ट. कॅनडाची जनगणना दर पाच वर्षांनी होते, अमेरिकेची दहा वर्षांनी. कॅनडाच्या २०२६ च्या जनगणनेचे आकडे हाती आले की ते २०२० च्या अमेरिकी आकड्यांशेजारी ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. अमेरिकेच्या २०३० च्या जनगणनेपर्यंत २०२१ चेच आकडे चालू द्या, आणि त्यानंतर २०३१ च्या मोजणीसह सगळी शीट नव्याने करा.